वेइयोच्या कानाची सही

फोर्सा गावातल्या जुन्या सूतगिरणीच्या दुसऱ्या मजल्यावर सात माणसं मिळून एक यंत्र बनवायची, आणि त्या यंत्रावर शेवटचा हात वेइयो लाउकानेन फिरवायचा. हात कसला, कान.

यंत्राचं नाव कुइक्का. नाव तळ्यातल्या पाणपक्ष्याचं, काम सॅम्पलरचं. दार आपटल्याचा, कुत्रं भुंकल्याचा, अकॉर्डियनचा, कसलाही आवाज त्यात टिपून घ्यायचा आणि वरच्या सोळा चौकोनांवर मांडायचा, म्हणजे माणूस बोटांनी तो तालात बडवायला मोकळा. खालच्या मजल्यावर त्याच्या सर्किटच्या पाट्या जोडल्या जात आणि तिथेच उपकरणं लावून मोजल्या जात. मग वर येऊन रीक्का त्यात प्रोग्रॅम भरायची. त्यानंतर मोजणीबिजणी काही नाही, त्यानंतर वेइयो. हेडफोन चढवून तो एकेका यंत्राला पाऊण तास द्यायचा. प्रत्येक चौकोन दाबायचा, प्रत्येक बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचा, आणि समाधान झालं की पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर सही करायचा. पुठ्ठ्यावर छापलेलं असायचं, ‘हे यंत्र मी स्वतः ऐकलं आहे.’ खाली, ‘वे. ला.’

ही कल्पना मालकाची, आरोची. नऊ वर्षांपूर्वी त्याला सुचली आणि यंत्रापेक्षा पुठ्ठाच जास्त गाजला. लोक तो चौकटीत घालून भिंतीवर लावायचे. एका जपानी गृहस्थांनी तर लिहिलं होतं, की यंत्र काय, कुठलंही मिळतं. मी पुठ्ठ्यासाठी घेतलं.

त्याआधी सव्वीस वर्षं वेइयो जिल्ह्याच्या रेडिओ केंद्रावर आवाज सांभाळायला होता. तिथे त्याला वटवाघूळ म्हणत. तीन खोल्यांपलीकडचा दिवा गुणगुणायला लागला तर हा इथून सांगायचा. पुढे केंद्राला कुलूप लागलं आणि वटवाघूळ सूतगिरणीत आलं. आता तो बासष्ट वर्षांचा होता. मार्चमध्ये नोकरीतून सुटणार होता आणि सुटायला आतुर होता. इतरांचा थकवा पायांत उतरतो, पाठीत उतरतो; वेइयोचा कानांत उतरला होता. तोच ढोल, तीच झांज, तोच अकॉर्डियनचा तुकडा त्याने कित्येक हजार वेळा ऐकला होता. घरी गेला की त्याला कुणी बोललेलंही नको असायचं. त्याची बायको राइली पाहुण्यांना सांगायची, “ह्यांना अख्ख्या फोर्साचं ऐकू येतं. माझं तेवढं येत नाही.”

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, मंगळवारी, एक पत्र आलं. बर्फ अजून पडायचं नाव घेत नव्हतं. नुसता चिखल आणि दुपारी तीनलाच अंधार. अशा दिवसांत आमच्याकडे माणसं एकमेकांशी जेवढ्यास तेवढं बोलतात, आणि पत्रही तसंच होतं.

‘माझ्या कुइक्कातला इक्वलायझर काहीही करत नाही. एकच आवाज दोनदा नोंदवला: एकदा बटणं मध्यावर ठेवून, एकदा पूर्ण फिरवून. एक नोंद उलटी करून दुसरीत मिसळली. शून्य उरलं. नोंदी जोडल्या आहेत. मार्युत सिलानकोर्वा, इसाल्मी.’

नमस्कार नाही, चमत्कार नाही. कडक शब्दही नाही.

इक्वलायझर म्हणजे यंत्राच्या उजव्या अंगाची तीन बटणं. खालचा आवाज, मधला आवाज, वरचा आवाज. ज्याला जो वाढवायचा त्याने तो वाढवावा, नको तो कमी करावा. बटण फिरवलं की छोट्या पडद्यावरच्या सरळ रेषेला उंचवटा यायचा किंवा खळगा पडायचा. आणि बाईने केली होती ती परीक्षा या धंद्यातली सर्वांत सोपी आणि सर्वांत निर्दय परीक्षा. दोन आवाज तंतोतंत सारखे असतील, तर त्यातला एक उलटा करून दुसऱ्यात मिसळला की दोघं एकमेकांना खाऊन टाकतात आणि मागे शांतता उरते. केसभर जरी फरक असला तरी तो फरक ऐकू येतो. बाईकडे शांतता उरली होती. म्हणजे तिच्या मते, बटण फिरवा नाहीतर फिरवू नका, आवाज तोच.

वेइयोच्या अंगाचा तिळपापड झाला.

“बाईने तारा चुकीच्या लावल्या असतील,” तो रीक्काला म्हणाला. रीक्काचं टेबल त्याच्या समोरच होतं. चाळिशीची, केस बारीक कापलेली, बोलण्यापेक्षा टंकण्यात पटाईत. “एकाच नोंदीच्या दोन प्रती करून ठेवल्या असतील आणि बसली असेल वजाबाकी करत.”

“असेल,” रीक्का म्हणाली. “मोजू या का?”

“मोजायचं काय त्यात? कॉफी उतू जातेय हे नाकाला कळत नाही का? त्याला काय मीटर लावतेस?”

“बाईचं म्हणणं कॉफी चढवलेलीच नाही.”

वेइयोने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. फळीवरून एक यंत्र काढलं, हेडफोन घातले, झांज वाजवली आणि वरच्या आवाजाचं बटण हळूहळू उजवीकडे नेलं. झांज उजळली. अगदी स्वच्छ, घासलेल्या भांड्यासारखी लखलखली. बटण डावीकडे नेलं, झांजेवर गोधडी पडली. त्याने हेडफोन काढून रीक्कासमोर धरले. तिने ऐकलं, मान हलवली. “हं. वाटतंय खरं,” ती म्हणाली. पण तिचा आवाज तिच्या मानेइतका ठाम नव्हता, आणि ते वटवाघळाला बरोबर ऐकू आलं.

बुधवारी तो सकाळपासून गप्प बसून यंत्रं ऐकत होता. वेगवेगळ्या महिन्यांतली सहा काढली. पहिलं चालत होतं. दुसरं चालत होतं. पाचव्यालाही झांज उजळली. इसाल्मीच्या बाईला काय लिहायचं ते तो मनात जुळवत होता. शब्द सभ्य, पण शेवटी एक बारीक चिमटा. सहाव्या यंत्रावर त्याने पुन्हा बटण उजवीकडे नेलं, झांज पुन्हा लखलखली, आणि त्याची नजर सहज हाताकडे गेली.

बोटं खालच्या आवाजाच्या बटणावर होती. ढोलाच्या बटणावर.

त्याने हात मागे घेतला. कुणी बघितलं नव्हतं. रीक्का पडद्यात डोकं घालून बसली होती, आरो आत फोनवर होता. चुकीचं बटण फिरवून झांज उजळते, ही गोष्ट जगात एकाच ठिकाणी घडू शकते, आणि ते ठिकाण यंत्रात नसतं. वेइयोला हे दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.  तो उठला, कॉफी घेऊन आला, ती न पिता गार होऊ दिली, आणि मग म्हणाला, “रीक्का, जरा इकडे ये. तुझी टोपी घेऊन ये.”

“टोपी कशाला?”

“पडदा झाकायला. मी पाठ करून बसतो. तू बटण फिरव किंवा फिरवू नकोस, तुझी मर्जी. वाजव, मी सांगतो.”

“आत्ता?”

“आत्ता नाही तर काय मार्चमध्ये?”

रीक्काने लोकरीची टोपी पडद्यावर घातली. वेइयो खिडकीकडे तोंड करून बसला. वीस वेळा तिने वाजवलं, वीस वेळा त्याने सांगितलं, “फिरवलंस,” “नाही फिरवलंस.” प्रत्येक वेळी त्याची खात्री होती. ती कागदावर खुणा करत गेली. शेवटी तिने कागद पुढे केला नाही, तेव्हाच त्याला कळलं.

“किती?”

“अकरा बरोबर.”

“नाणं उडवलं असतं तर दहा आली असती,” वेइयो म्हणाला.

मग त्यांनी बाईची परीक्षा केली. स्वतःच्या तारा, स्वतःची नोंद, एकदा बटणं मध्यावर, एकदा पूर्ण उजवीकडे. एक उलटी केली, दुसरीत मिसळली. वेइयोने हेडफोन कानांवर दाबून धरले आणि आवाज चढवत नेला, जाईल तितका चढवला. रेडिओत असताना तो नवशिक्यांना सांगायचा, की शांतताही निरनिराळी असते. खोलीची वेगळी, फितीची वेगळी. ही शांतता कशाचीच नव्हती. तिच्यात काहीही नव्हतं.

“ये, तूही ऐक,” तो म्हणाला.

“मीटरवर दिसतंय मला,” रीक्का म्हणाली.

चूक सापडायला तिला तास लागला नाही. मागच्या वर्षी सप्टेंबरमध्ये चौकोन दाबताना कट्कन आवाज येतोय म्हणून तक्रारी आल्या होत्या. तो आवाज कुठून येतोय हे शोधायला तिने प्रोग्रॅममध्ये इक्वलायझर तात्पुरता आवाजाच्या वाटेतून बाजूला काढला होता. कट्कन सापडलं, मिटलं, सगळ्यांनी केक खाल्ला. इक्वलायझर परत वाटेत ठेवायचा राहून गेला. पडद्यावरची रेषा मात्र हलत राहिली, कारण रेषा हलवणारा प्रोग्रॅमचा भाग वेगळा होता. चौदा महिने. सहाशे चाळीस यंत्रं.

रीक्काने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. “माझी चूक. वेइयो, सगळी माझी चूक आहे.”

“तुझी एका ओळीची आहे,” वेइयो म्हणाला. “विसरतो माणूस. म्हणून तर तुझ्यानंतर मला बसवलंय.”

   थोड्या वेळाने वेइयो स्वतःशीच हसला, आणि ते हसणं काही बरं नव्हतं.

“रेडिओवर आमच्याकडे एक मेलेलं बटण होतं, तुला ठाऊक आहे,” तो म्हणाला.

ठाऊक होतं. सगळ्यांना होतं. दर नाताळच्या जेवणाला तो ही गोष्ट सांगायचा. एक निर्माता होता, त्याला कुठलाही कार्यक्रम पसंत पडायचा नाही. “वरचा आवाज जरा वाढव, वेइयो. अजून जरा. नाही, थोडा कमी.” शेवटी कंत्राटी तंत्रज्ञाने त्याच्यासाठी एक खास बटण बसवून दिलं, कशालाही न जोडलेलं. निर्माता सांगेल तसं वेइयो ते गंभीर चेहऱ्याने फिरवायचा, आणि निर्माता डोळे मिटून म्हणायचा, “आत्ता! आत्ता बसला बघ आवाज.” आवाजाच्या धंद्यातला प्रत्येक माणूस कधी ना कधी बंद बटण फिरवून खूश झालेला असतो, फक्त तो ते कुणाला सांगत नाही. तीस वर्षं वेइयोने त्या माणसाची टर उडवली होती.

“तो बिचारा निदान दुसऱ्याचा हात फिरताना बघत होता,” वेइयो म्हणाला. “मी आपलाच हात फिरवून आपणच फसलो.”

गुरुवारी खालच्या खानावळीत नेहमीप्रमाणे वाटाण्याचं सूप होतं, मोहरीची चटणी घालून, आणि नंतर पॅनकेक. जे काही अवघड बोलायचं असेल ते आरो गुरुवारी सूपावर बोलायचा. चाळिशीलाही न पोचलेला, चांगला मुलगा. ओरडत नसे, सगळ्यांचे वाढदिवस लक्षात ठेवायचा. मालक असला तरी त्याला अरे-तुरेच, तसा इथे रिवाजच आहे. रीक्काने त्याला आदल्या दिवशीच सगळं सांगितलं होतं आणि तो रात्रभर झोपला नव्हता हे त्याच्या डोळ्यांवरून दिसत होतं.

“दुरुस्ती तयार आहे,” तो म्हणाला. “सोमवारी नवी आवृत्ती सगळ्यांना पाठवू. लिहू की इक्वलायझर आता अधिक परिणामकारक केला आहे. खोटं नाही ते.”

“नाहीच,” वेइयो म्हणाला. “शून्यापेक्षा काहीही अधिकच.”

“वेइयो, असं नको ना बोलूस. सहाशे चाळीसातल्या एकीने तक्रार केली. एकीने! बाकीचे खूश आहेत. अँटवर्पचा तो माणूस आठवतो? आपल्या इक्वलायझरने आवाजाला येणाऱ्या उबेवर दोन पानं लिहिली होती त्याने. त्याला आता काय कळवू? की बाबा रे, तू दोन पानं वाऱ्यावर लिहिलीस?”

रीक्का खाली मान घालून सूप ढवळत राहिली.

“आणि तो पुठ्ठा,” आरो हळू आवाजात म्हणाला. “पुठ्ठ्यावरचा विश्वास गेला तर आपल्याकडे राहतं काय? इतर कंपन्यांची यंत्रं आपल्यापेक्षा स्वस्त आहेत. तू मार्चमध्ये घरी जाशील. आम्हाला सहा जणांना इथेच राहायचंय.”

हे त्याने टोचून म्हटलं नव्हतं. जे होतं ते म्हटलं होतं. आणि वेइयोला, खरं सांगायचं तर, हायसं वाटलं. आपण काही बोलायलाच नको, सगळं गुपचूप मिटेल, मार्चमध्ये केक कापतील, कुणीतरी भाषण करेल, वटवाघळाच्या कानांबद्दल दोन गोड शब्द बोलेल. हायसं वाटलं आणि त्या हायसं वाटण्याची त्याला लगेच लाज वाटली, पण लाजेपेक्षा थकवा मोठा होता.

“बरं,” तो म्हणाला. “आणि इसाल्मीच्या बाईचं?”

“तिला दुरुस्ती आधी पाठव. आभार मान. लक्षात आणून दिल्याबद्दल वगैरे. तूच लिही, तुझ्या नावाने गेलं तर तिला बरं वाटेल.”

शुक्रवारी सकाळी वेइयो ते पत्र लिहायला बसला. ‘आपल्या निरीक्षणाबद्दल आभारी आहोत’ इथपर्यंत गाडी जायची आणि रुतायची. ‘काही यंत्रांत काही परिस्थितीत’ असं लिहिलं आणि खोडलं. काही यंत्रं कुठली, आणि परिस्थिती कसली? चार वेळा लिहिलं, चार वेळा फाडलं. शेवटी त्याने बाईच्या नोंदींसोबतचा कागद शोधला, खाली फोन नंबर होता, आणि फोन उचलला. अनोळखी माणसाला आपणहून फोन करायचा तर इथे घराला आग लागल्यासारखं काहीतरी असावं लागतं.

“सिलानकोर्वा.”

“नमस्कार. मी फोर्साहून बोलतोय. कुइक्का. वेइयो लाउकानेन.”

“वे. ला.?”

“हो.”

“पुठ्ठ्यावरचे?”

“पुठ्ठ्यावरचा,” वेइयो म्हणाला. “तुम्ही लिहिलंत ते बरोबर आहे. इक्वलायझर चालत नव्हता.”

“माझ्या यंत्रातला?”

“सगळ्यांतला. चौदा महिने.”

  

“मी फेब्रुवारीत घेतलं होतं,” बाई म्हणाली. आवाज वयस्कर नव्हता, खालच्या पट्टीतला, बेताचा. “शाळेतल्या मुलांच्या गायनवृंदासाठी. त्यांचेच आवाज टिपायचे, त्यांनाच वाजवायला द्यायचे. मुलांना मजा येते. सगळे लिहीत होते की इक्वलायझर किती गोड आहे. मी फिरवून फिरवून थकले, मला काही म्हणजे काही ऐकू येईना.”

“ऐकू येण्यासारखं काही नव्हतंच.”

“ते मला कसं कळणार? पुठ्ठ्यावर लिहिलं होतं की तुम्ही ऐकलंय. सही होती. मग जिला ऐकू येत नाही ती मीच ना?”

वेइयोने खुर्चीचा हात धरला. रीक्का समोरून बघत होती.

“माझ्या आईचे कान साठीत गेले,” बाई म्हणाली. “मी सत्तावन्न. डॉक्टरकडे गेले. ते म्हणाले, वयाच्या मानाने ठीक आहेत. वयाच्या मानाने! आईलाही हेच म्हणाले होते. मग मी विचार केला, मुलं बेसूर होत असतील आणि मला कळतच नसेल तर? हा मुलांवर अन्याय आहे. एकवीस वर्षं झाली होती. मे महिन्यात सोडला वृंद.”

“मग ती परीक्षा…”

“ती आत्ता केली. एका मासिकात वाचलं की दोन आवाजांची वजाबाकी करता येते. म्हटलं, आपल्याला जे ऐकू येत नाही ते निदान डोळ्यांनी तरी बघावं. किती मोठा असतो तो फरक. बघते तर शून्य. तीनदा केली. मला वाटलं, हेही मला जमत नाही.”

काहीतरी बोलायला हवं होतं. आभार मानायला सांगितलं होतं आरोने. वेइयोने डोळे मिटून घेतले.

“सिलानकोर्वाबाई, मी ऐकलं नव्हतं,” तो म्हणाला. “मला वाटलं मी ऐकलं. हात फिरत होता, पडद्यावर रेषा हलत होती, म्हणून मला ऐकू आलं. प्रत्येक यंत्रात ऐकू आलं. परवा पडदा झाकून बसलो तेव्हा कळलं. तुम्ही ऐकलंत ते खरं होतं. मी सही केली ते नव्हतं.”

“हे बाकीच्यांना सांगणार आहात?”

आरो त्याच्या खोलीच्या दारात उभा होता. कधीपासून उभा होता कोण जाणे. वेइयोने त्याच्याकडे बघितलं आणि नजर न काढता म्हणाला, “सांगणार आहे. सोमवारी. माझ्या नावाने.”  आरोने दार हळूच लावून घेतलं.

“वृंद परत घ्या ना,” वेइयो म्हणाला. “मी शाळेला पत्र लिहितो. काय झालं ते सगळं लिहितो.”

“आता तिथे दुसरी मुलगी आहे. तरुण आहे, मनापासून शिकवते. मुलांना तिची सवय झालीय. तिला काय उठ म्हणू?” बाईने नाकाने श्वास सोडला. “तुमच्यावर चिडावं म्हणते, पण त्याचाही कंटाळा आलाय.”

“चिडा ना.”

“नको. दुरुस्त झालेलं यंत्र आहे तुमच्याजवळ? आत्ता?”

“आहे.”

“मग वाजवा.”

“फोनवर सगळा आवाज येत नाही. वरचा तर…”

“मधला येतो ना? मधलाच फिरवा. आणि थोडाच फिरवा. पाच वेळा.”

वेइयोने रीक्काला खूण केली. रीक्काने यंत्र पुढे ओढलं, पडद्यावर टोपी टाकली, अकॉर्डियनचा तुकडा लावला आणि हात टोपीखाली घातला. वेइयोने फोन यंत्राजवळ धरला. एकदा वाजलं.

“फिरवलंय,” फोनमधून आवाज आला.

दुसऱ्यांदा वाजलं. “फिरवलंय, पण उलट्या बाजूला.”

तिसऱ्यांदा. “हे मध्यावर आहे.”

रीक्का कागदावर खुणा करत होती आणि तिचे ओठ घट्ट मिटले होते. चौथ्यांदा बाईने पुन्हा वाजवायला सांगितलं, मग म्हणाली, “मध्यावर.” पाचव्यांदा तिने तुकडा संपायची वाटही बघितली नाही. वेइयोही प्रत्येक वेळी मनात उत्तर देत होता. त्याची उत्तरं त्याने कुणाला सांगितली नाहीत.

रीक्काने कागद त्याच्यासमोर धरला.

“पाचही बरोबर,” वेइयो फोनमध्ये म्हणाला. “तुमचे कान चांगले आहेत. वयाच्या मानाने नाही, नुसतेच चांगले.”

पलीकडे काहीतरी टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. कप असावा, किंवा चष्मा.

“म्हणजे मी उगाच सोडलं,” मार्युत सिलानकोर्वा म्हणाली.

“हो,” वेइयो म्हणाला. “माझ्यामुळे.”